मोडेमचे दिवे वाचायला शिकू या

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात पावसाळा सुरू झाला की आधी वीज जाते आणि तिच्या पाठोपाठ नेट जाते. नेमक्या त्याच दिवसांत शिष्यवृत्तीच्या अर्जाची किंवा कॉलेज प्रवेशाची तारीख जवळ आलेली असेल, तर घरातल्या विद्यार्थ्याचा जीव टांगणीला लागतो. महाडीबीटीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, प्रवेशाची यादी, सगळेच आता ऑनलाइन. मग आई किंवा वडील रोज बुडवून मुलाला घेऊन जव्हार गाठतात. तिथेही काम झाले नाही तर नाशिकची एस.टी. पकडतात. भाडे जाते, मजुरी जाते आणि काम अर्धवट राहिले तर पुन्हा दुसरी खेप होते. एवढे करून घरी परतल्यावर कित्येकदा कळते की बिघाड मोठा नव्हताच. मोडेमच्या मागची एक पिन सैल झाली होती!

म्हणूनच आज आपण बिघाड नेमका कुठे आहे हे घरच्या घरी ओळखण्याची रीत पाहणार आहोत. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. दहावीतली मुलगीही हे काम करू शकते. ही रीत मात्र आजची नाही. तांब्याच्या तारेवर आयएसडीएन चालत होते तेव्हाही जाणकार याच क्रमाने बिघाड शोधत. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

तांब्याच्या तारेचा काळ

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्या वेळी जव्हार आणि मोखाडा हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा पुढे 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. इकडचे टेलिफोन तेव्हा केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याकडे होते. भारत संचार निगम 1 ऑक्टोबर 2000 पासून आले.

टेलिफोनच्या तारेतून आवाज जातो. साधा मोडेम संगणकाची भाषा आवाजात बदलून पाठवीत असे, म्हणून तो जोडला जाताना कर्कश शिट्ट्या ऐकू येत. त्याचा वेग सेकंदाला 28.8 किलोबिटच्या आसपास, पुढे फार तर 56 किलोबिट. शिवाय नेट चालू असताना फोन बंद राही.

आयएसडीएन म्हणजे इंटिग्रेटेड सर्व्हिसेस डिजिटल नेटवर्क. हिचे आंतरराष्ट्रीय नियम 1984 साली ठरले आणि 1988 साली त्यांत सुधारणा झाल्या. हिच्यात तार तीच तांब्याची, दोन वायरींची. पण तिच्यातून आवाजाऐवजी सरळ आकडे धावत. घरगुती लाइनवर 64 किलोबिटचे दोन मार्ग मिळत आणि फोन लावण्या-तोडण्याचे निरोप नेण्यासाठी 16 किलोबिटचा तिसरा छोटा मार्ग असे. एका मार्गावर बोलावे, दुसऱ्यावर नेट चालवावे, किंवा दोन्ही जोडून 128 किलोबिटचा वेग घ्यावा. एक मेगाबाइटची फाइल उतरवायला 28.8 च्या मोडेमला साडेचार मिनिटांहून जास्त वेळ लागे, तर आयएसडीएनला साधारण एक मिनिट.

मग ही सोय आपल्या पाड्यांवर का पोहोचली नाही? कारण तिच्या अटी कडक होत्या. टेलिफोन एक्स्चेंज डिजिटल आणि या सेवेसाठी सज्ज हवे. एक्स्चेंजपासून घरापर्यंत तार साधारण साडेपाच किलोमीटरच्या आत हवी. आणि तार निरोगी हवी. सांध्यात पाणी शिरले तर साधा फोन खरखर करीत का होईना चालतो. डिजिटल लाइन मात्र सरळ तुटते. डोंगरांच्या सोंडांवर विखुरलेल्या पाड्यांना ही साडेपाच किलोमीटरची अटच आडवी आली. त्यात साध्या फोनला लागणारी वीज एक्स्चेंजमधून तारेनेच येते, पण डिजिटल मोडेमला घरची वीज लागे. वीज गेली की तो गप्प! म्हणून आयएसडीएन शहरांतल्या कचेऱ्या, बँका आणि वर्तमानपत्रे यांच्याकडेच जास्त दिसली.

जुन्या डब्याने शिकवलेला क्रम

आयएसडीएन बसवताना खांबावरून आलेल्या दोन वायरी भिंतीवरच्या एका छोट्या डब्यात जात. त्या डब्यातून चार वायरींची केबल निघून डिजिटल मोडेमला, आणि मोडेममधून संगणकाला जाई. चार वायरींच्या त्या केबलवर आठपर्यंत यंत्रे जोडता येत. पण तिच्या टोकाला 100 ओहमचा रेझिस्टर लावावा लागे. तो राहिला तर लाइन कधी चाले, कधी बंद पडे आणि कारण काही केल्या सापडत नसे.

बिघाड आला की जाणकार माणूस पाच गोष्टी ठरलेल्या क्रमाने बघे: वीज, बाहेरची लाइन, घरातली वायर, संगणक आणि शेवटी खाते. डब्यावरचा विजेचा दिवा लागला आहे का? लाइनचा दिवा स्थिर आहे का? तो लुकलुकत असेल तर दोष खांबाकडचा. दोन्ही दिवे ठीक असतील तर घरातली केबल बघावी. तीही ठीक असेल तर संगणकातला नंबर, नाव आणि पासवर्ड तपासावा. वेग निम्माच मिळत असेल तर दुसरा मार्ग जोडला गेलेला नाही, किंवा घरात कोणी तरी फोनवर बोलते आहे, असे समजावे.

आज आयएसडीएन जवळपास इतिहासजमा झाली आहे. हा क्रम मात्र कामाचाच आहे.

आता काचेची तार

आज तांब्याची जागा फायबरने घेतली आहे. केसासारखा बारीक काचेचा धागा आणि त्यातून धावणारा प्रकाश. तांब्याची मर्यादा साडेपाच किलोमीटर होती. घरोघरी फायबर देण्याच्या आजच्या पद्धतीत एक्स्चेंजपासून 20 किलोमीटरपर्यंत प्रकाश पोहोचू शकतो. विखुरलेल्या पाड्यांसाठी हा फरक फार मोठा आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 ऑक्टोबर 2011 रोजी मान्यता दिली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले आणि 2023 साली तिचा सुधारित आराखडा मंजूर झाला.

फायबरचा मोडेम घरी, वाचनालयात किंवा विहाराच्या अभ्यासिकेत बसवताना काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. काचेची वायर कधीही काटकोनात दुमडू नये. मोठा गोल वळसा द्यावा. ती उंदरांच्या वाटेवर किंवा गळक्या कौलाखाली नसावी. तिचे टोक बोटाने पुसू नये आणि डोळ्यासमोर धरू नये. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण तो डोळ्यांना अपाय करू शकतो. हिरव्या टोकाची पिन हिरव्याच जागेत बसवावी. हिरवी आणि निळी एकमेकींत घालू नयेत. मोडेम लोखंडी कपाटात किंवा कोपऱ्यात कोंबू नये, घराच्या मध्यावर उंचावर ठेवावा.

वीज गेली तरी मोडेम चालावा यासाठी छोटी बॅटरी, म्हणजे मिनी यूपीएस मिळते. ती घेताना मोडेमच्या अ‍ॅडाप्टरवरचा व्होल्टचा आकडा बघून तेवढ्याच व्होल्टची घ्यावी. अँपिअर मात्र तेवढे किंवा जास्त असावेत. विजा कडाडू लागल्या की अ‍ॅडाप्टर बोर्डातून काढून ठेवावा. काचेतून वीज वाहत नाही, पण बोर्डातून येणारा झटका मोडेम जाळू शकतो.

नेट गेले, आता काय बघाल?

पहिले, वीज. पॉवरचा दिवा बंद असेल तर बोर्ड, अ‍ॅडाप्टर आणि मागची पिन तपासा. दुसरे काही करण्याआधी हेच.

दुसरे, बाहेरची लाइन. एलओएस नावाचा दिवा लाल झाला असेल तर प्रकाश मोडेमपर्यंत येत नाही. शेजाऱ्याकडे विचारा. त्यांचेही नेट गेले असेल तर दोष बहुधा मुख्य लाइनचा, लाइनमनशिवाय तो निघणार नाही. फक्त आपलेच गेले असेल तर वायर कुठे दुमडली, कुरतडली किंवा झाडाच्या फांदीने ताणली आहे का ते नजरेनेच पाहा. पॉन नावाचा दिवा हिरवा आणि स्थिर असणे हे लाइन ठीक असल्याचे लक्षण. तो सारखा लुकलुकत राहिला तर मोडेमची एक्स्चेंजकडे नोंद होत नाही, असे समजावे.

तिसरे, घरातला भाग. दिवे ठीक, पण मोबाइलवर काही उघडत नाही? दुसरा मोबाइल लावून पाहा. मोडेमजवळ उभे राहून पाहा. मोडेमवर दोन वायफाय दिसत असतील तर लांबच्या खोलीसाठी 2.4 चे घ्यावे. 5 चे वेगवान असते, पण भिंतीपलीकडे कमी पोहोचते.

चौथे, खाते. पॉन हिरवा आहे, पण इंटरनेटचा दिवा लागत नाही, तर बिल थकले आहे का ते बघा. आणि एक मोठी सूचना: मोडेमच्या मागे रिसेटचे बारीक भोक असते, त्यात टाचणी घालू नका. त्याने मोडेममध्ये भरलेले नाव आणि पासवर्ड पुसले जातात आणि छोट्या बिघाडाचा मोठा होतो. मोडेम नुसता बंद करून दोन मिनिटांनी चालू करणे वेगळे. ते जरूर करावे.

पाचवे, वेबसाइट. बाकी सर्व चालते आणि एकच साइट उघडत नाही, तर दोष आपला नाही. शेवटच्या दिवशी तिथे गर्दी उसळते. अर्ज आठ दिवस आधी, पहाटे किंवा रात्री उशिरा भरावा.

तक्रार करताना

एवढे तपासून फोन केला की तक्रारीला वजन येते. नुसते "नेट चालत नाही" म्हणण्याऐवजी "पॉवर हिरवा आहे, एलओएस लाल आहे, शेजारचे नेट चालू आहे" असे सांगा. समोरच्याला कुठला माणूस आणि कुठले सामान पाठवायचे ते कळते, आणि डोंगर चढून आलेल्या लाइनमनची खेपही वाया जात नाही. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि तारखेसह वहीत लिहा. तो देणे कंपनीवर बंधनकारक आहे. तक्रार सुटली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2012 च्या नियमांनी हा हक्क प्रत्येक ग्राहकाला दिलेला आहे.

आपल्या आधीच्या पिढीला अंगठा सोडून सही शिकावी लागली, तेव्हा कचेरीतले कागद तिच्या ताब्यात आले. मोडेमवरचे चार-पाच दिवे वाचणे त्यापेक्षा खूप सोपे आहे. आज संध्याकाळी मुलांना मोडेमपाशी बसवा, प्रत्येक दिव्याचे नाव आणि त्याचा नेहमीचा रंग एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद भिंतीला चिकटवा. पुढच्या पावसात नेट जाईल तेव्हा जव्हारच्या एस.टी.त बसण्याआधी तो कागद वाचा. एक रोज तरी नक्की वाचेल!