चित्र नेमकं कुठे अडलं?

सकाळी ९

मुलुंडहून धीमी लोकल, घाटकोपर पश्चिमेला उतरून गल्लीतलं दुकान. शटर वर गेलं की आधी मेन स्विच, मग बाकावरचा १४ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही, मग ऑसिलोस्कोप. जुन्या व्हिडिओ गेमच्या दुरुस्तीत हा टीव्ही माझा पहिला साक्षीदार आहे. एलईडी टीव्हीला सिग्नल जरा नियमाबाहेरचा वाटला की तो 'नो सिग्नल' लिहून मोकळा होतो. पिक्चर ट्यूब अशक्त सिग्नलही ओढून धरते आणि चित्र वाकडं, फिकं, हलतं, जसं असेल तसं दाखवते. आजार डोळ्यांना दिसला तरच शोधता येतो.

पावसाळ्यात पहिला अर्धा तास दमटपणाशी झुंजण्यात जातो. रात्रीतून कॅसेटच्या स्लॉटवर हिरवट थर चढतो. आयटीआयचा मुलगा मदतीला असतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना पुसायला बसतो.

सकाळी ९:४५

अंधेरीहून मेट्रोने एक गृहस्थ आले. पिशवीत नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम, दोन रिमोट, बंदूक आणि पिवळी कॅसेट.

"दादा, आवाज येतो, पण चित्र नाही. आधी आमच्या जुन्या टीव्हीवर ब्लॅक अँड व्हाइट यायचं, थरथरायचं. नव्या टीव्हीवर तर काहीच नाही. एकाकडून एव्ही पिन लावून घेतली होती."

"आवाज येतो ना, मग निम्मं काम झालं," मी म्हणालो. आवाज येतो म्हणजे प्रोसेसर चालतोय, कॅसेट वाचली जातेय. शोध आता चित्र बनवणाऱ्या चिपपासून टीव्हीच्या पिनेपर्यंतच्या वाटेवरच घ्यायचा.

निन्टेन्डोचा फॅमिकॉम १९८३ मध्ये जपानात आला, तो फक्त अँटेनाच्या वायरीवरून चालणारा. त्याच्या तैवानी नकला आपल्याकडच्या घराघरांत पोहोचल्या. या नकलांतही आत पत्र्याची आरएफ डबी असे. ती चित्र-आवाज एका चॅनेलवर बसवायची आणि आपण टीव्हीचं बटण फिरवत मुंग्यांतून चित्र शोधायचो. आज ती डबी बाजूला काढून थेट एव्ही पिन काढतात. कल्पना चांगली आहे, पण बहुतेक आराखडे जपानी यंत्राचे असतात. आपल्याकडे दूरदर्शन १९८२ मध्ये रंगीत झालं ते पाल पद्धतीने: ६२५ रेषा, ५० हर्ट्झ. या यंत्रातल्या यूएमसी कंपनीच्या चिपाही त्याच पद्धतीच्या. जपानी आकडे इथे लागू पडत नाहीत.

सकाळी १०:३०

सोल्डरिंग आयर्न अजून थंडच आहे. आधी वीज. अडॅप्टरची उलटी-सुलटी बाजू मीटरवर पाहिली, मग ७८०५ रेग्युलेटरच्या पायावर व्होल्टेज: ४.९८. हे ठीक. मीटर एसीवर टाकल्यावर मात्र त्याच पायावर थरथर दिसली. फिल्टरचा कंडेन्सर सुकला होता. नवा लावताच थरथर गेली. "सर, मग चित्र यायला हवं ना?" मुलाने विचारलं. "एक दोष सापडला म्हणजे दोष संपला असं धरू नकोस," एवढंच सांगितलं.

सकाळी ११:१५

आता आधीच्या कारागिराने लावलेली एव्ही जोडणी सोडवली. चिपच्या २१ क्रमांकाच्या पायातून चित्र बाहेर पडतं. तिथून निघालेली लांब वायर एका कंडेन्सरमधून थेट पिनेला गेली होती आणि तोच पाय अजून जुन्या आरएफ डबीलाही जोडलेला होता.

वायर काढून त्या पायावर ऑसिलोस्कोपची सुई टेकवली. पडद्यावर एक रेषा ६४ मायक्रोसेकंदांत पूर्ण होत होती. तिच्या सुरुवातीला खाली उतरलेला सिंकचा खड्डा, त्याला लागून रंगाच्या लहरींचा छोटा गुच्छ, पुढे चित्राच्या पायऱ्या. सगळं जागेवर. चिप ठणठणीत होती. मग वायर परत जोडून बघितली, तर तोच खड्डा जवळजवळ सपाट. टीव्हीची पिन ७५ ओहमचा भार टाकते आणि तो उचलण्याची ताकद चिपच्या पायात नसते. सिंक सापडला नाही की रेषा कुठे सुरू करायची हे टीव्हीला कळत नाही.

दुपारी १२:१५

उपाय साधा आहे: मध्ये एक ट्रान्झिस्टर. २एन३९०६ हा पीएनपी घेतला, चिपला लागूनच बसवला. डबीकडे जाणारा पट्टा कापला, कारण एका सिग्नलला दोन मालक नकोत. बाहेर पडताना ७५ ओहमचा रेझिस्टर आणि २२० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, पुढे जाळीची वायर पिनेपर्यंत. टीव्ही जोडून मोजलं: माथ्यापासून तळापर्यंत १ व्होल्टच्या आसपास आणि त्यात सिंक सुमारे ०.३. पिक्चर ट्यूबवर चित्र स्थिर उभं राहिलं. अजून काळं-पांढरं, आणि त्यावर बारीक उभ्या पट्ट्या.

दुपारी २

डबा खाऊन होतो तोच घाटकोपर पूर्वेचे एक गुजराती काका सेगा मेगा ड्राइव्ह घेऊन आले. भारतात शॉ वॉलेसमार्फत हे यंत्र १९९५ मध्ये आलं, किंमत १८,००० रुपये. काकांना त्यात आरजीबी बसवून हवं होतं. मी यंत्र उघडलंच नाही. मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलच्या मागच्या आठ पिनांच्या सॉकेटवर लाल, हिरवा, निळा असे तिन्ही सिग्नल आधीपासूनच असतात. हवी ती योग्य केबल आणि आपल्या टीव्हीला पटेल असा कन्व्हर्टर.

"एटले खोलवानुं ज नथी?" काका खूश झाले.

सकाळच्या टीव्ही गेमला हे जमणार नाही. त्याची चिप रंगीत सिग्नल पोटातच एकत्र करून बाहेर सोडते, वेगळा लाल-हिरवा-निळा तिच्याकडे नसतो. कुठे कापायचं याइतकंच कुठे कापायचं नाही हेही या कामात समजावं लागतं.

दुपारी ३

उभ्या पट्ट्या. चिपच्या शेजारून डेटाच्या रेषा सतत चालू-बंद होत असतात आणि त्यांची कुजबुज चित्रात उतरते. चिपच्या ४० आणि २० क्रमांकाच्या पायांत, म्हणजे वीज आणि ग्राउंड यांच्यामध्ये, ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा कंडेन्सर शक्य तितक्या जवळ लावला. पट्ट्या पुष्कळ फिक्या झाल्या. पूर्ण जात नाहीत; बोर्डाची मांडणीच तशी आहे आणि हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं.

दुपारी ४:१५

आता रंग. या बोर्डावरचा क्रिस्टल २६.६०१७१२ मेगाहर्ट्झचा. त्याला ६ ने भागलं की पालचा रंगवाहक येतो, ४.४३३६१९. प्रोसेसरचं घड्याळ त्यालाच १५ ने भागून बनतं: १.७७३४४७. क्रिस्टलवर सुई टेकवली तर तिच्याच भाराने आकडा सरकतो, म्हणून प्रोसेसरचं घड्याळ कॅसेटच्या स्लॉटवर मोजायचं. मोजलं, तर सुमारे २०० हर्ट्झ कमी. रंगवाहकावर ही चूक अडीचपट होते, म्हणजे ५०० हर्ट्झ. एवढं अंतर पडलं की टीव्ही रंग सोडून देतो.

क्रिस्टलजवळ एक छोटा ट्रिमर असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो सरकला होता. प्लॅस्टिकचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, लोखंडी जवळ आला तरी आकडा हलतो. केसभर फिरवलं, आकडा वर चढला. अजून केसभर. काळ्या-पांढऱ्या आकाशावर इंद्रधनुषी पट्टे धावले, मंद झाले, थांबले आणि आकाश निळं झालं. मुलगा ओरडला, "आला!"

संध्याकाळी ५:३०

आता दुकानातल्या एलईडी टीव्हीवर परीक्षा. चित्र आलं. हा गेम एका फ्रेममध्ये ३१२ रेषा पाठवतो, तर टीव्ही एक सोडून एक विणलेल्या रेषांची वाट पाहतो. त्यामुळे काही टीव्ही धावत्या वस्तूंच्या कडा दातेरी करतात. तो दोष यंत्राचा नाही.

संध्याकाळी ७

गृहस्थ मुलीला घेऊन आले. तिने बंदूक उचलली, बदकांवर नेम धरला. एकही पडेना. त्यांना समजावलं: ट्रिगर दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, लक्ष्य पांढरं चमकतं आणि बंदूक तो उजेड ठरलेल्या क्षणी टिपते. एलईडी टीव्ही चित्र उशिराने दाखवतो, तो क्षण निघून जातो. मुलीला बाकावरच्या पिक्चर ट्यूबसमोर उभं केलं. पहिलं बदक पडलं तेव्हा बाप जास्त आनंदला.

रात्री ८

यंत्र बंद करण्याआधी झाकणाच्या आत कागद चिकटवतो: कुठला पट्टा कापला, कुठला भाग बदलला, कोणत्या पायावर किती व्होल्ट असायला हवेत. काढलेले भाग पाकिटात घालून परत देतो, आरएफ डबीसुद्धा. आपल्याकडच्या या यंत्रांचे आराखडे सहसा हाती लागत नाहीत, त्यामुळे जो उघडेल त्याला सुरुवात शून्यातून करावी लागते. लिहून ठेवलेल्या चार आकड्यांनी पुढच्या कारागिराचे तास वाचतील आणि यंत्र भंगारात जाणार नाही. दुरुस्ती पुरी झाली असं मी तो कागद चिकटवल्यावरच मानतो.