मरियम आणि मेरी : एका जिन्यावरचा शेजार

दरवर्षी ८ सप्टेंबरला माझ्या मामीच्या घरी चूल पेटत नाही. मामी बंगळुरूच्या जे. पी. नगरात राहते आणि त्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या आंटींकडे तिचे जेवण ठरलेले असते. आंटी मंगळूरच्या, कोकणी बोलणाऱ्या कॅथलिक. ८ सप्टेंबर हा मेरीमातेचा जन्मदिवस. मंगळूरकडे त्याला ‘मोंती फेस्त’ म्हणतात. चर्चमध्ये आशीर्वाद दिलेल्या भाताच्या नव्या लोंब्या घरी आणायच्या, दाणे सोलून वाटायचे, नारळाच्या दुधात मिसळून सगळ्यांनी घोट घोट घ्यायचे आणि मग पानावर बसायचे. जेवण पूर्ण शाकाहारी, तेही केळीच्या पानावर. भाज्यांची संख्या मात्र विषमच हवी : पाच, सात किंवा नऊ. हळदीच्या पानातल्या पातोळ्या पाहून मामीला कोकणातली नागपंचमी आठवते.

मामीच्या शेजारी बसतात तळमजल्यावरच्या खाला. पानात मांस-मच्छी नसल्यामुळे हलालचा प्रश्न येत नाही. खाला पोटभर जेवतात आणि मेरीमातेला ‘बीबी मरियम’ म्हणतात.

वाचून वाटेल, किती गोड शेजार! पण याच जिन्यावर काही वर्षांपूर्वी आठ दिवस अबोला होता.

निमित्त मुलांचे. खालांची नात आणि आंटींचा नातू, दोघे आठवीत, एकाच शिकवणीला जाणारे. गुड फ्रायडे जवळ आला होता. मुलगा म्हणाला, येशू आमच्यासाठी क्रुसावर मेला. मुलगी ठामपणे म्हणाली, हजरत ईसा सुळावर गेलेच नाहीत, अल्लाहने त्यांना वर उचलून घेतले. शब्दाने शब्द वाढला, मुलगा रडत घरी गेला. मग तळमजल्याची वाटी वर जाईना आणि वरचे ताट खाली येईना.

मामीने मध्यस्थी केली. “अहो, सगळे धर्म सारखेच!” तिने चहात मीठ घातल्यासारखे दोघींनी तिच्याकडे पाहिले. मला वाटते, चूक मामीचीच होती. ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेचा गाभा म्हणजे येशूचे क्रुसावरचे मरण आणि पुनरुत्थान. मुसलमानाच्या दृष्टीने ईसा हे थोर पैगंबर, पण देवाचे पुत्र नव्हेत आणि सुळावर मेलेलेही नव्हेत. हा फरक लहान नाही. ‘सारखेच’ म्हणून तो झाकला, की दोघींचीही श्रद्धा हलकी होते.

कोंडी फोडली आंटींनी. एका दुपारी त्या खाली गेल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या ग्रंथात आमच्या मेरीबद्दल काय आहे, ते मला वाचून सांगा.”

खालांनी कुराणाचा एकोणिसावा अध्याय काढला. त्याचे नावच ‘मरियम’. संपूर्ण कुराणात नावाने उल्लेख झालेली ही एकमेव स्त्री. त्यात ती एकटीच दूर जाते, कळा सुरू होतात तेव्हा खजुरीच्या बुंध्याचा आधार घेते, जीव नको म्हणते. मग झाड हलवायला सांगणारा आवाज येतो आणि ताजा खजूर खाली पडतो. बेथलेहेमचा गोठा ठाऊक असलेल्या आंटींना ही खजुरी नवीन होती. त्यांच्या पहिल्या बाळंतपणात नवरा कुवेतला होता. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग खालांनी विचारले, “आणि तुमच्या ग्रंथात पुढं काय होतं?” आंटींनी क्रुसापाशी उभ्या असलेल्या आईविषयी सांगितले. खाला म्हणाल्या, “हे आम्ही मानत नाही. पण त्या आईचं ऐकून पोटात कालवलं.” मुलांना एवढेच बजावले गेले, की विचारायचे ते घरी येऊन विचारा, जिन्यात नाही.

विद्वानांना हे नेहमी जमलेले नाही. अकबराच्या निमंत्रणावरून १५८० मध्ये गोव्याहून रोडोल्फो ॲक्वाविवा आणि त्यांचे जेझुइट सोबती फत्तेपूर सिक्रीला गेले. मौलवींशी त्यांचे वाद रंगले. बादशहाने बायबल मस्तकी लावले, पण बाप्तिस्मा घेतला नाही आणि पाद्री निराश झाले. कान उघडे ठेवून कोण बसले होते, असा प्रश्न पडतो. त्याहून जुनी गोष्ट मला जास्त आवडते. मक्केतल्या छळातून सुटण्यासाठी पैगंबरांचे काही अनुयायी समुद्रापलीकडे हबशांच्या देशात गेले. तिथल्या ख्रिस्ती राजापुढे त्यांनी याच ‘मरियम’ अध्यायातला भाग म्हटला. राजाला रडू कोसळले आणि त्याने त्यांना शत्रूंच्या हवाली करायला नकार दिला, असे इस्लामी परंपरा सांगते.

बंगळुरूनेही अशी वेळ पाहिली. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाने माणसे जात होती आणि शेवटच्या कामाला नातेवाईकही पुढे येऊ शकत नव्हते. तेव्हा ‘मर्सी एंजल्स’चे मुस्लिम तरुण आणि बंगळुरूच्या कॅथलिक धर्मप्रांतातून उभे राहिलेले ‘हिअर आय ॲम’चे स्वयंसेवक पीपीई किट घालून दफनभूमीत आणि स्मशानात राबत होते. मृताचा धर्म पाहून त्यांनी काम नाकारले नाही. ज्याचा जो विधी, त्याप्रमाणे त्याला निरोप मिळावा एवढेच पाहिले. त्या दिवसांत फोन वाजला की मामीच्या इमारतीतही सगळ्यांच्या छातीत धस्स होई.

२०२५ मध्ये रमजान आणि ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ मार्चच्या पहिल्या आठवड्यात जवळजवळ बरोबरच सुरू झाले. “दिवसभर फोडणीचा वास फक्त माझ्याच घरातून,” मामी सांगत होती, “मलाच चोरट्यासारखं वाटायचं.” उपवासकाळातल्या शुक्रवारी आंटी मांस खात नाहीत, म्हणून त्या दिवशी इफ्तारच्या ताटात खाला वर पाठवत ते बटाट्याचे समोसे. डिसेंबरात आंटींच्या फडताळात मनुकांच्या दोन बरण्या असतात : एक रममध्ये भिजवलेली आणि दुसरी, हिरव्या झाकणाची, संत्र्याच्या रसात. खालांचा केक त्या दुसऱ्या बरणीतला. कुणाचा उपवास जास्त कडक, यावर मात्र जिन्यात अजून वाद चालतो.