स्टेपनी की पंक्चरची किट?

मैत्रिणींनो, नव्या गाडीला हार घालण्याआधी डिकी उघडून पाहा. स्टेपनी आहे ना? ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीची किट असेल, तर चालक धरून नऊ आसनांपर्यंतच्या मोटारींना २०२० पासून स्टेपनीची सक्ती नाही.

किटमधला चिकट द्रव छोट्या पंपाने टायरमध्ये सोडला, की खिळ्याचं बारीक भोक बुजतं. जॅक लावायची दगदग नाही. मात्र पक्कं पंक्चर नंतर काढून घ्यावंच लागतं. टायर बाजूने फाटला, तर किट निरुपयोगी! शिवाय द्रवाला मुदत असते.

तेव्हा गावातल्या गावात किट पुरे. घाटात, रात्री, मुलंबाळं बरोबर असताना स्टेपनीच हवी. आणि तिच्यातही हवा हवी, बरं का!