अम्मींची देगची आणि नवा डच ओव्हन

गेल्या वर्षी आमचे धाकटे दीर आखातातून सुट्टीवर इन्सुलीला आले, तेव्हा त्यांच्या बॅगेतून लाल रंगाचं, जाड बुडाचं एक भांडं निघालं. झाकणासकट वजन साडेपाच किलो. विमानात किलोकिलोचा हिशेब, आणि यांनी खजूर कमी करून हे उचलून आणलेलं! खोक्यावर नाव होतं ‘डच ओव्हन’. आम्ही दोघी जावा बघतच राहिलो. ओव्हन म्हणावं तर ना वायर, ना बटण. अम्मींनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, झाकण जरासं उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, “ही तर माझी देगचीच की!”

अम्मींची देगची तांब्याची होती. मनगटाचं हाड मोडल्यापासून त्यांनी स्वयंपाक सोडला. परसातली चूल विझली, कल्हईवाला येईनासा झाला आणि देगची माळ्यावर गेली. ईदचं मटण आम्ही कुकरमध्ये करू लागलो. पाहुणे छान म्हणत. अम्मी मात्र न बोलता जेवत. त्यांच्या हातचं दमाचं मटण कसं करायचं हे आम्ही कधी लिहून घेतलं नव्हतं. विचारलं की उत्तर एकच: “अंदाजानं घालायचं.”

नाव डच, भांडं बिडाचं

डच म्हटलं की आपल्याकडे वेंगुर्ल्याची डच वखार आठवते. सतराव्या शतकात डच व्यापारी तिथं होते; वखारीचे अवशेष आजही उभे आहेत. पण या भांड्याचा त्या वखारीशी संबंध नाही. इंग्लंडमधल्या अब्राहम डार्बी नावाच्या कारागिरानं १७०४ च्या सुमारास हॉलंडमध्ये जाऊन वाळूच्या साच्यात पितळेची भांडी ओतण्याची पद्धत पाहिली. तीच पद्धत बिडासाठी वापरून त्यानं १७०७ मध्ये पेटंट घेतलं. त्यामुळे बिडाची भांडी स्वस्त झाली. डच हे नाव तिथूनच पडलं, असं सर्वसाधारणपणे मानतात. पुढे अमेरिकेत याला तीन पाय आणि काठाचं झाकण आलं. कारण झाकणावर निखारे ठेवायचे असत. खालून-वरून उष्णता मिळाली की भांड्याचीच भट्टी होते, म्हणून ते ओव्हन. बिडावर रंगीत काचेचा लेप, म्हणजे एनॅमल, दिलेली आजची भांडी १९२५ पासून फ्रान्समध्ये लोकप्रिय झाली.

झाकणावर निखारे ठेवणं आपल्याला काय नवीन? बिर्याणीचा दम असाच. पावसाळ्यात शेजारून तवशाचं धोंडस येतं, तेही पूर्वी वर-खाली निखारे ठेवून भाजत. पलीकडे गोव्यात बेबिंकाचा एकेक थर वरच्या आचेवर भाजतात.

जाड भांडं काय करतं?

बीड हळू तापतं, पण तापल्यावर उष्णता धरून ठेवतं. त्यामुळे गॅस अगदी बारीक ठेवला तरी आतलं शिजणं थांबत नाही. जड झाकणामुळे वाफ बाहेर न जाता थेंब होऊन परत रश्शात पडते, म्हणून पाणी फार कमी लागतं. मान, खांदा, नळी अशा चिवट मटणातले तंतू मंद आचेवर हळूहळू विरघळतात आणि रस्सा आपोआप दाट होतो. कुकरमध्येही मटण मऊ होतं. पण पाणी जास्त पडलं तर रस्सा पातळ राहतो.

आमचा पहिला प्रयत्न मात्र फसला. आम्ही सवयीनं गॅस मोठा ठेवला आणि खोबऱ्याचं वाटण सुरुवातीलाच घातलं. तळाला काळा थर बसला. तो सोडा घातलेल्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवून निघाला. अम्मी हसल्या. “जाड भांड्याला घाई चालत नाही. उद्या मला खुर्ची द्या.”

दुसऱ्या दिवशी त्या ओट्याशेजारी खुर्चीवर बसल्या. त्या मुठीनं जे घेत, ते आम्ही आधी वाटीत घेऊन मोजत होतो आणि वहीत लिहीत होतो. भांडं उचलायचं काम आमचं, चवीचं त्यांचं.

अम्मींचं दमाचं मटण

साहित्य: हाडासकट मटण १ किलो, मोठे कांदे ४, आलं-लसूण वाटण २ मोठे चमचे, हळद १ लहान चमचा, मालवणी मसाला ३ मोठे चमचे, कांदा-खोबऱ्याचं भाजून केलेलं वाटण १ वाटी, तेल पाव वाटी, मीठ, कोथिंबीर.

कृती: मटणाला आलं-लसूण, हळद, मीठ लावून तासभर ठेवावं. मध्यम आचेवर तेलात कांदा बदामी करावा. मटण घालून दहा मिनिटं परतावं, मग मसाला आणि अर्धी वाटी गरम पाणी घालावं. उकळी आली की झाकण ठेवून गॅस सर्वांत बारीक करावा. सव्वा तास झाकण वारंवार उघडू नये. मग वाटण घालून ढवळावं, लागलं तर थोडं गरम पाणी घालावं आणि आणखी वीस-पंचवीस मिनिटं ठेवावं. मटण हाडापासून सुटू लागलं की गॅस बंद करून पंधरा मिनिटांनी कोथिंबीर घालून वाढावं. झाकण नीट बसत नसेल तर काठाला कणीक लावावी.

परदेशी पुस्तकांतल्या डच ओव्हनच्या कृतींत अनेकदा वाइन असते. ती आपल्याला चालत नाही, आणि तिच्यावाचून अडतही नाही. आंबटपणासाठी टोमॅटो, दही किंवा थोडं कोकमाचं आगळ पुरतं.

विकत घेण्याआधी

भगिनींनो, हे भांडं महाग आहे. आधी माळ्यावर पाहा. जाड बुडाची, घट्ट झाकणाची जुनी देगची असेल तर कल्हई करून तीच वापरा. साध्या बिडाची कढई आणि जड झाकणही पुष्कळ काम देतं.

साध्या बिडाचं भांडं धुतल्यावर आचेवर कोरडं करून तेलाचा पातळ हात लावावा; आपल्या पावसात ते रात्रीत गंजतं. त्यात शिजवलेल्या अन्नात थोडं लोह उतरतं, हा फायदा आहे. पण ॲनिमियावर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांना तो पर्याय नाही. आंबट रस्सा मात्र त्यात तासन्‌तास उकळू नये, लोखंडाची चव येते. एनॅमलच्या भांड्यात आंबट चालतं, पण त्यातून लोह मिळत नाही. ते रिकामं मोठ्या आचेवर ठेवू नये, तापल्यावर गार पाणी ओतू नये, डाव लाकडी वापरावा.

रोजच्या डाळीला कुकरच बरा. गॅस आणि वेळ दोन्ही वाचतात. आणि निखाऱ्यांवर काही करायचं असेल तर अंगणातच करावं. बंद खोलीतल्या निखाऱ्यांचा विषारी वायू वासावरून कळत नाही, आणि तो जीव घेऊ शकतो.

या बकरी ईदला अम्मींनी खुर्चीवर बसून दोन भांडी मटण करून घेतलं. जेवताना त्या पहिल्याच घासाला म्हणाल्या, “मीठ कमी आहे.” आम्ही वहीत दुरुस्ती केली. आता वहीत त्यांच्या अकरा कृती झाल्या आहेत. सांदणं आणि खिमा अजून राहिला आहे. तुमच्या घरी अशी कुणी अम्मी, दादी, नानी असेल तर भांडं नंतर घ्या. वही आजच घेऊन बसा.