वारेचा आजार आणि सुनेवरचा ठपका

१८८६ साली कोल्हापूर संस्थानाने डॉ. आनंदीबाई जोशी यांची आपल्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर नेमणूक केली. परंतु तो अधिकार प्रत्यक्ष हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या पुण्यास निवर्तल्या. त्या काळी एखाद्या गरोदर स्त्रीस अकस्मात आकडी आली, तर लघवीतील प्रथिने तपासण्यापलीकडे निदानाचे साधन वैद्यकाजवळ फारसे नव्हते. दंडास पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रिव्हा-रोची यांचे उपकरण १८९६ मध्ये आले, आणि विकाराचे मूळ कोठे आहे हे उमगण्यास तर त्यानंतर कित्येक दशके जावी लागली. आज तेच अल्बर्ट एडवर्ड रुग्णालय सीपीआर या नावाने सर्वपरिचित आहे, कोल्हापुरातीलच कसबा बावड्याच्या लाईन बाजारात सेवा रुग्णालय आहे, आणि गरोदर स्त्रीचा रक्तदाब मोजणे ही नित्याची बाब झाली आहे. तरीही प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब चढवून मूत्रपिंडे, यकृत आणि मेंदू यांना इजा पोचविणारा विकार, याविषयी घराघरांतून जे समज रूढ आहेत ते जिवावर बेतणारे आहेत. म्हणून त्यांची एकेक करून तपासणी करणे अगत्याचे आहे.

गैरसमज : खारट खाणे, राग आणि काळजी यांमुळे हा आजार होतो, दोष त्या बाईचाच.

वस्तुस्थिती : या विकाराचा उगम वारेत आहे. गर्भाशयाच्या भिंतीत ज्या नागमोडी रक्तवाहिन्या असतात, त्यांच्यात गर्भारपणाच्या पहिल्या चार-पाच महिन्यांत वारेच्या पेशी शिरतात, त्यांचे स्नायूंचे आवरण नाहीसे करतात आणि त्यांना इतके रुंद व शिथिल करतात की मातेचे रक्त संथपणे व मुबलक वारेपर्यंत पोचावे. ज्या गर्भारपणात हा प्रवेश उथळच राहतो तेथे वाहिन्या अरुंद राहतात, वारेची उपासमार होते, आणि ती पीडित वार मातेच्या रक्तात काही प्रथिने प्रमाणाबाहेर सोडू लागते. त्यांतील एसएफएलटी-१ हे प्रथिन, रक्तवाहिन्यांचे अस्तर निरोगी राखणाऱ्या वाढघटकांना रक्तातच अडकवून निष्प्रभ करते. अस्तर बिघडले की वाहिन्या आकुंचित होतात, मूत्रपिंडांतून प्रथिने झिरपू लागतात, यकृताला व मेंदूला सूज येते, आणि बाळाचे पोषण तुटून त्याची वाढ खुंटते. भारतीय वंशाचे वैद्य अनंत करुमंची व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये हेच प्रथिन गाभण उंदरांच्या शरीरात वाढविले, तेव्हा त्यांचाही रक्तदाब चढला व लघवीत प्रथिने उतरली.

वारेकडे बोट दाखविणारा सर्वांत निर्णायक पुरावा मात्र त्याहून जुना आहे. द्राक्षगर्भ नावाच्या विकृतीत बाळ बहुधा मुळीच नसते, केवळ वारेच्या ऊतींची अतोनात वाढ झालेली असते. आणि तरीही त्या स्त्रीस प्रीएक्लॅम्प्सिया होऊ शकतो. नवव्या महिन्यात उद्भवणाऱ्या प्रकारात मातेच्या हृदयाची व रक्तवाहिन्यांची पूर्वावस्था, मधुमेह आणि स्थूलता यांचाही मोठा वाटा असतो, हे खरे. पण मीठ तोडल्याने हा विकार टळतो असे आढळलेले नाही. आणि ज्या घरात सुनेला जबाबदार धरले जाते त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की वार ही गर्भापासूनच घडते, म्हणजे तिच्या घडणीत पित्याचा वारसा निम्मा असतो. अमेरिकेतील युटा प्रांताच्या जन्मनोंदी तपासून २००१ मध्ये असे दिसून आले की ज्या पुरुषाच्या स्वतःच्या जन्मावेळी त्याच्या आईस हा विकार झाला होता, त्याच्या पत्नीसही तो होण्याचा संभव अधिक असतो.

गैरसमज : पाय सुजले नाहीत आणि बरे वाटते आहे, तर तपासणीची गरज काय?

वस्तुस्थिती : पावलांवर थोडी सूज निरोगी गर्भारपणातही येते, आणि सूज नसतानाही हा विकार गंभीर असू शकतो, म्हणून भरवसा ठेवावा तो आकड्यावर. बावडेकरांना आकड्यांचे महत्त्व निराळे सांगावयास नको. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांस पोचले की इशारा आणि ४३ फुटांस पोचले की धोका, हे जाणून पाणी उंबऱ्याशी येण्यापूर्वीच लोक जनावरे हलवितात. तद्वतच रक्तदाब १४०/९० झाला की इशारा समजावा, आणि १६०/११० झाला की क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, बरगडीखाली उजवीकडे कळ, धाप लागणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास पित्त झाले असेल म्हणून घरी बसू नये.

गैरसमज : लघवीत प्रथिने आली नाहीत, त्याअर्थी हा आजार नव्हे.

वस्तुस्थिती : ही व्याख्या आता मागे पडली आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने असे ठरविले की रक्तदाब चढलेला असून रक्तबिंबिका एक लाखाखाली गेल्या, यकृत वा मूत्रपिंडे बिघडली, फुप्फुसांत पाणी साचले, अथवा मेंदूची वा दृष्टीची लक्षणे दिसू लागली, तर प्रथिनांवाचूनही निदान पक्के समजावे. म्हणून लघवीच्या तपासणीसोबत रक्ताची तपासणीही करवून घ्यावी.

गैरसमज : झटके म्हणजे बाहेरची बाधा, अंगारा लावून पाहावे.

वस्तुस्थिती : हे झटके या विकारात मेंदूला झालेल्या इजेचे आहेत, आणि त्यांवर मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त व प्रभावी औषध आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीत या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक घटला. देवऋषीच्या दारात जो वेळ जातो, तोच वेळ या इंजेक्शनाचा असतो. तोवर रुग्णेस डाव्या कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

गैरसमज : गोळ्यांनी रक्तदाब उतरला की आजार बरा झाला.

वस्तुस्थिती : या गोळ्या मातेस मेंदूतील रक्तस्रावापासून वाचवितात, वारेतील बिघाड त्या दुरुस्त करीत नाहीत. वार शरीराबाहेर पडणे हाच यावरील मूळ उपाय आहे, आणि म्हणून वैद्यांस प्रत्येक वेळी आईचा जीव आणि बाळाची परिपक्वता यांचा मेळ घालून प्रसूतीची वेळ ठरवावी लागते. प्रतिबंधाचे उपाय त्याच्या पुष्कळ आधी योजावयाचे असतात. पूर्वी हा विकार झालेला असणे, जुळी, जुना रक्तदाब, मधुमेह वा मूत्रपिंडाचा आजार, अशी जोखीम असलेल्या स्त्रीस सोळाव्या आठवड्यापूर्वी कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन सुरू करावी की काय, हे वैद्याने ठरवावयाचे असते. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिल्याने सदतीस आठवड्यांपूर्वी प्रसूती करावी लागणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या स्त्रियांस ते पूरक दिल्यानेही धोका घटतो. सरकारी केंद्रांतून चौथ्या महिन्यापासून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या म्हणूनच नियमाने घ्याव्यात, डब्यात साठवू नयेत.

गैरसमज : वार पडली, आता काळजी मिटली.

वस्तुस्थिती : वारेने रक्तात सोडलेले द्रव्य ओसरण्यास अवधी लागतो, आणि झटके प्रसूतीनंतरही येऊ शकतात; पहिले ४८ तास विशेष जोखमीचे असतात, आणि सहा आठवड्यांपर्यंत सावध राहावे लागते. त्यापुढेही हा प्रश्न संपत नाही, कारण प्रीएक्लॅम्प्सिया होऊन गेलेल्या स्त्रीस पुढील आयुष्यात हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. बाळाच्या लसीकरणाच्या तारखा आपल्याकडे काटेकोरपणे पाळल्या जातात, आईची फेरतपासणी मात्र कोणाच्याच ध्यानात राहत नाही. म्हणून गरोदरपणात दर महिन्याच्या ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी रुग्णालयांत होणारी मोफत तपासणी कुटुंबाने चुकवू नये, प्रत्येक वेळचा रक्तदाब कार्डावर आकड्यांत लिहून घ्यावा, आणि बाळंतीण सासरी परतल्यानंतरही वर्षातून एकदा तिचा रक्तदाब मोजविण्याची जबाबदारी सासू, पती आणि माहेर या सर्वांनी मिळून पत्करावी.