कौल घ्यायचा तर प्रश्न नीट हवा
गोव्याच्या जनमत कौलापासून आपल्या ग्रामसभेने काय घ्यावे?



ग्रामपंचायतीचे विभाजन करायचे का, वाडी या महसुली गावात ठेवायची की त्या, तालुका तोडायचा की जोडायचा, असे विषय आपल्याकडे अधूनमधून निघतात. ग्रामसभा बोलावली जाते, हात वर होतात, ठराव होतो आणि वर्षभराने तेच लोक म्हणतात, "आम्हाला कोणी विचारलंच नाही!" विचारलेले तर असते. मग घोटाळा कुठे होतो? हे समजून घ्यायचे असेल तर शेजारच्या गोव्याकडे बघा. एका आख्ख्या प्रदेशाने आपले भवितव्य मतपेटीतून ठरवले, आणि तरीही राज्य व्हायला त्याला पुढे वीस वर्षे लागली.

मुक्तीनंतरचा पेच

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. १९६२ मध्ये घटनेची बारावी दुरुस्ती होऊन गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष विरोधात बसला. पहिल्या पक्षाला गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा असे वाटे, दुसऱ्याला गोवा वेगळाच राहावा असे वाटे. १९६५ मध्ये गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला, महाराष्ट्र विधानसभेनेही केला. पण निवडणूक जिंकली म्हणजे विलीनीकरणालाही लोकांची संमती मिळाली, हे विरोधकांना मान्य नव्हते. शेवटी डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला आणि मतदानाची तारीख ठरली १६ जानेवारी १९६७.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. कौल निःपक्ष व्हावा म्हणून सरकारने बाजूला व्हावे, अशी विरोधकांची मागणी होती. बांदोडकरांनी राजीनामा दिला आणि मतदान राष्ट्रपती राजवटीत पार पडले. ज्याला निकाल आपल्या बाजूने हवा आहे त्याने खुर्चीवर बसून कौल घेऊ नये, हा संकेत पाळला गेला.

शेतकऱ्याला काय वाटत होते?

हा वाद फक्त मराठी की कोंकणी एवढाच होता असे आपण समजतो. पण शेतात उतरून बघितले तर दुसरी बाजूही दिसते.

महाराष्ट्रात कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला होता आणि कसणाऱ्याच्या नावावर जमीन होण्याचा रस्ता खुला झाला होता. गोव्यात तेव्हा भाटकाराची जमीन, कसणारा कूळ आणि भाटात झोपडी बांधून राहणारा मुंडकार, अशी व्यवस्था होती. १९६४ साली गोव्याचा स्वतःचा कूळ कायदा आला. त्याने संरक्षण दिले, पण मालकी दिली नाही. तेव्हा पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या कुळाला 'महाराष्ट्रात गेलो तर जमीन आपली होईल' असे वाटले, यात नवल काय?

उलट बाजूलाही पोटाचाच प्रश्न होता. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा होता. माडाची सूर काढणारा रेंदेर आणि काजूची फेणी गाळणारा बागायतदार यांना धंदा बुडण्याची भीती होती. नोकऱ्या बाहेरच्यांना जातील, मोठ्या राज्यात आपला लहान प्रदेश एका कोपऱ्यात पडेल, ही धास्तीही होतीच. सासष्टी तालुका विलीनीकरणाच्या विरोधात ठाम उभा राहिला. गंमत अशी की, विलीनीकरणाविरुद्धचा मोठा प्रचार मराठीतूनच झाला. 'राष्ट्रमत' या मराठी दैनिकात उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' सदर तेव्हा गाजले.

फूल आणि दोन पाने

मतदाराला अक्षरओळख असो नसो, समजावे म्हणून चिन्हे दिली होती. विलीनीकरणाला फूल आणि केंद्रशासित राहण्याला दोन पाने. आपल्याकडे दारूबंदीला आडवी बाटली आणि उभी बाटली असते ना, तोच प्रकार.

एकूण मतदार ३ लाख ८८ हजार ४३२. मतदान झाले ३ लाख १७ हजार ६३३, म्हणजे जवळजवळ ८२ टक्के. दोन पानांना १ लाख ७२ हजार १९१ आणि फुलाला १ लाख ३८ हजार १७० मते पडली. ७ हजार २७२ मते बाद झाली. ३४ हजार २१ मतांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला.

जुनागडला १९४८ मध्ये आणि सिक्कीमला १९७५ मध्येही असे मतदान झाले. पण तिथला प्रश्न भारतात येण्याचा होता. भारतात आहोतच, आता कोणत्या घरात राहू, असे गोव्याला विचारले गेले.

हरलेल्यांनीही निकाल मानला. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि लोकांनी बांदोडकरांच्याच पक्षाला पुन्हा निवडून दिले. १९७३ मध्ये निधन होईपर्यंत तेच मुख्यमंत्री होते. म्हणजे मतदाराने दोन गोष्टी चक्क वेगळ्या केल्या: सरकार तुमचे चालेल, पण विलीनीकरण नको. मतदार अडाणी असतो असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

जे विचारलेच नाही

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मतपत्रिकेवर पर्याय दोनच होते, विलीनीकरण किंवा केंद्रशासित. 'गोव्याचे स्वतंत्र राज्य' हा तिसरा पर्याय तिथे नव्हताच. ज्याला राज्य हवे होते त्याला दोन पानांवरच शिक्का मारावा लागला. त्यामुळे दिल्लीचा कारभार हवा असलेला आणि राज्य हवे असलेला, दोघांची मते एकाच राशीत पडली. कौलाने 'काय नको' ते सांगितले, 'काय हवे' ते अर्धवटच राहिले.

ते राहिलेले अर्धे उत्तर मिळायला वीस वर्षे गेली. भाषेचा वाद पेटला, डिसेंबर १९८६ मध्ये आंदोलनात माणसे मेली. फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला. देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामासाठी मराठीलाही जागा राहिली. त्यानंतर ३० मे १९८७ रोजी गोवा देशाचे पंचविसावे राज्य झाले. दमण आणि दीव वेगळे केंद्रशासित प्रदेश म्हणून राहिले. राज्य होताना मात्र पुन्हा मतपेटी ठेवली गेली नाही, ते संसदेच्या कायद्याने झाले.

आपली घटना असेच सांगते. कलम ३ प्रमाणे नवे राज्य करणे, सीमा बदलणे हा संसदेचा अधिकार आहे. राज्याच्या सीमेला हात लागणार असेल तर त्या विधानसभेचे मत मागवतात, पण ते बंधनकारक नसते. केंद्रशासित प्रदेशाचे मत मागवण्याची सक्तीही नाही. लोकांना थेट विचारणे ही गोव्यात खास कायदा करून केलेली गोष्ट होती. एरवी आयोग नेमून निवेदने घेण्याचीच रीत. १९५३ च्या फाजल अली आयोगाकडे दीड लाखावर निवेदने आली होती. पण निवेदन लिहितो तो शिकलेला किंवा संघटित माणूस. मतपेटीशी मजूरही जातो आणि भाटकारही जातो, हा फरक मोठा आहे.

मग कुळाचे काय झाले?

ज्या कुळाने जमिनीसाठी फुलावर शिक्का मारला तो तर हरला. पण त्याची मागणी हरली नाही. १९७५ मध्ये मुंडकार कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक करण्याची तरतूद झाली. कितीतरी प्रकरणे पुढे वर्षानुवर्षे रखडली हे खरे, पण कायदा झाला तो विलीनीकरणाशिवाय. सीमा बदलल्याशिवाय आपले काम होणारच नाही, असे दर वेळी नसते.

राज्य झाल्याचा फायदाही शेतकऱ्याला समजेल असा आहे. केंद्रशासित प्रदेशाला वित्त आयोगाकडून करांचा वाटा मिळत नाही, राज्याला मिळतो. पाण्याचे घ्या. आंतरराज्य पाणी तंट्याची तक्रार राज्य सरकारने करायची असते. म्हादईबाबत गोव्याने २००२ मध्ये स्वतःच्या नावाने तक्रार केली, २०१० मध्ये लवाद नेमला गेला आणि २०१८ मध्ये निवाडा आला. राज्य नसते तर हेच गाऱ्हाणे दिल्लीच्या तोंडून घालावे लागले असते.

आपल्या गावासाठी पाच गोष्टी

१) प्रश्न आधी लिहून काढा. "विभाजन पाहिजे की नको" एवढेच विचारू नका. तिसरा मार्ग असेल, उदाहरणार्थ ग्रामपंचायत एकच ठेवून वाडीत उपकेंद्र किंवा रेशन दुकान, तर तोही लोकांसमोर ठेवा.

२) मागणीच्या मागची गरज ओळखा. वाडीला खरोखर वेगळी पंचायत हवी आहे की पाणी आणि रस्ता? पाणी दिले तर मागणी राहते का, ते बघा.

३) कोणाला विचारायचे ते आधी ठरवा. गोव्याबाहेर राहणाऱ्या गोवेकरांना १९६७ मध्ये मत नव्हते आणि त्यावरून मोठी नाराजी झाली. आपल्याकडे चाकरमान्यांचा प्रश्न तसाच आहे. मताचा हक्क मतदार यादीप्रमाणेच, पण गणपतीत आलेल्या चाकरमान्यांचे म्हणणे ऐकून घ्यायला काय हरकत? बायामाणसांचे मत महिला सभेत अगोदर घ्या. हात वर करायच्या वेळी त्या मागच्या रांगेत असतात.

४) बहुमत कशाचे, ते मतदानाआधी सांगा. बाटलीच्या मतदानात यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते लागतात. गोव्यात पडलेल्या मतांत ज्याची जास्त, तो जिंकला. दोन पानांची मते एकूण मतदारांच्या ४४ टक्केच भरतात. बाटलीचा नियम लावला असता तर कोणीच जिंकले नसते! नियम कोणताही असो, खेळ सुरू झाल्यावर बदलू नये.

५) अध्यक्षपदी तटस्थ माणूस बसवा आणि इतिवृत्त त्याच दिवशी वाचून दाखवा. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले ग्रामसेवक, यांनी विरोधातली मतेही आकड्यासह नोंदवावीत. "सर्वानुमते मंजूर" हे शब्द लिहायला सोपे, पण पुढे कोर्टकचेरीत महाग पडतात.

हा विषय जुना झाला असे समजू नका. २०१८ मध्ये दोडामार्ग तालुक्यातूनच गोव्यात जाण्याची मागणी झाली. तिच्या मुळाशी सीमेची हौस नव्हती, बांबोळीच्या दवाखान्यातल्या उपचारांचा प्रश्न होता. तिथेही दुसरी गोष्ट लागू पडते: आधी गरज विचारा, मग सीमा.

येत्या ग्रामसभेत असा विषय असेल तर नोटिशीवर नुसते विषयाचे नाव लिहू नका, प्रश्न पूर्ण वाक्यात लिहा, सगळे पर्याय मांडा आणि वाडीवाडीत आठ दिवस अगोदर पोचवा. आठ दिवस घराघरांत बोलणी होऊ द्या. मग मत पडेल ते गावाचे मत असेल, आणि ज्याचे म्हणणे पडले तोही उद्या बांधावर भेटला तर तोंड फिरवणार नाही.