पहिलीचा वर्ग आणि धर्मशिक्षण

२०२३ साली आषाढी एकादशी आणि बकरी ईद हे दोन्ही सण २९ जून या एकाच दिवशी आले. शाळा १५ जूनला उघडलेल्या. म्हणजे पहिलीत नव्याने दाखल झालेल्या मुलांना शाळेत येऊन पुरते पंधरा दिवसही झालेले नव्हते. कोणाचे रडू अद्याप आवरले नव्हते, कोणाला आपली चप्पल ओळखू येत नव्हती, आणि तशातच शाळाशाळांतून दिंडीची तयारी सुरू झाली होती. त्या वर्षी राज्यातील कित्येक गावी मुस्लिम समाजाने कुर्बानी दुसऱ्या दिवशी करण्याचे ठरविले आणि मोठ्या माणसांनी आपला प्रश्न समंजसपणे सोडविला. पहिलीच्या शिक्षिकेपुढील प्रश्न याहून लहान होता, आणि म्हणूनच कदाचित अधिक अवघड होता. विठ्ठल कोणास करावयाचे, रखुमाई कोणास, आणि ज्या मुलाच्या घरी त्याच दिवशी ईद आहे त्यास कोठे उभे करावयाचे?

हा प्रश्न एका वर्षापुरता नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात तर तो पावलोपावली भेटतो. खुलताबादेत भद्रा मारुतीचे देवस्थान आहे आणि चिश्ती परंपरेतील सूफी संतांचे दर्गेही आहेत. तेथून जवळच वेरूळला घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग, आणि डोंगरात कोरलेली चौतीस लेणी: पहिली बारा बौद्धांची, पुढील सतरा हिंदूंची, अखेरची पाच जैनांची. वाळूजजवळील छोट्या पंढरपुरास आषाढीला यात्रा भरते, तर पैठणला फाल्गुनात नाथषष्ठीची. १९५६ च्या धर्मांतरानंतर गावोगावच्या कितीतरी घरांतून बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा आल्या. या साऱ्या घरांतील मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत एकाच बस्करावर बसतात. तेव्हा धर्म शाळेत आणावा की न आणावा, हा वाद पहिलीच्या वर्गापुरता निरर्थक होय. तो मुलांच्या नावांतून, डब्यांतून आणि गळ्यातील ताइतांतून आलेलाच असतो. शिक्षकाने त्याचे काय करावे, एवढेच ठरवावयाचे उरते.

कायद्याची बाजू प्रथम पाहिली पाहिजे, कारण तिच्याविषयी शिक्षकांत बरेच गैरसमज आढळतात. संविधानाच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाप्रमाणे, जी शिक्षणसंस्था संपूर्णपणे शासनाच्या पैशावर चालते तेथे धार्मिक शिक्षण देता येत नाही. जिल्हा परिषदेची शाळा या सदरात मोडते. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित खाजगी शाळेची गोष्ट निराळी. तेथे असे शिक्षण किंवा उपासना असली, तरी अज्ञान विद्यार्थ्यास पालकाच्या संमतीवाचून तीत सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही. या तरतुदीवर १९४८ च्या डिसेंबरात संविधान सभेत चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिची कारणे सांगितली होती. सर्वांच्या करातून चालणाऱ्या शाळेत एका धर्माची शिकवण देणे अन्यायाचे. देशात धर्म अनेक, प्रत्येकाची सोय करणे अशक्य. आणि मोक्षाचा मार्ग आपल्याकडेच आहे असे प्रत्येक धर्म म्हणू लागला म्हणजे वर्गात शांतता राहावयाची नाही, असा त्यांचा आशय होता. मात्र धर्माचे शिक्षण आणि धर्माविषयीचा अभ्यास या दोन वस्तू भिन्न आहेत, हेही त्यांनी तेथेच स्पष्ट केले. (याच बाबासाहेबांनी पुढे १९५० साली या शहरात महाविद्यालय काढले आणि कालांतराने त्यास मिलिंद या बौद्ध परंपरेतील राजाचे नाव मिळाले, ही गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही.) कोठारी आयोगाने १९६६ च्या आपल्या अहवालात हाच भेद मान्य केला, आणि २००२ साली अरुणा रॉय यांच्या याचिकेचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांविषयी माहिती देणे निषिद्ध नाही असे म्हटले.

परंतु आयोग आणि न्यायालये ज्या अभ्यासाविषयी बोलतात, तो सहा वर्षांच्या मुलाचा नव्हे. या वयाचे मूल कसा विचार करते, हे पाहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी १९२६ मधील आपल्या ग्रंथात दाखविले की, लहान मुलास चंद्र आपल्याबरोबर चालतो असेच वाटते. सूर्य, वारा, नदी ही त्याला सजीव भासतात. इंग्लंडचे उदाहरण आणखी बोलके आहे. तेथे १९४४ च्या कायद्याने सरकारी शाळांत दररोजची सामुदायिक उपासना आणि धर्मशिक्षण ही दोन्ही सक्तीची केली. पालकास आपले मूल बाजूस काढून घेण्याची मुभा तेवढी ठेवली. वीस वर्षांनंतर, १९६४ साली, रोनाल्ड गोल्डमन यांनी मुलांना बायबलमधील कथा सांगून प्रश्न विचारले. गोल्डमन धर्मशिक्षणाचे विरोधक नव्हते, पुरस्कर्ते होते. म्हणूनच त्यांचा निष्कर्ष लक्षात घेण्यासारखा आहे. लहान मुले कथेतील रूपक रूपक म्हणून घेत नाहीत, अक्षरशः घेतात, आणि देव म्हणजे वर कोठेतरी राहणारा कोणी मोठा माणूस असेच चित्र मनात बांधतात. घाईने दिलेले तत्त्व मुलाच्या मनात तत्त्व म्हणून राहतच नाही, त्याचे काहीतरी भलतेच होऊन बसते.

आपल्याकडील एकच कथा घेऊन हे पाहता येईल. काशीहून रामेश्वरासाठी कावडीतून आणलेले गंगोदक एकनाथांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवास पाजले, ही कथा पैठणच्या मुलाने आजीकडून ऐकलेली असतेच. ती वर्गात सांगावी काय? अवश्य सांगावी. परंतु सर्वांभूती परमेश्वर असतो, असे तात्पर्य फळ्यावर लिहून मुलांकडून वदवून घेतले, की एखादे मूल गाढवास नमस्कार करावयाचा का, असे विचारते. दुसरे, मग देवासाठी पाणी उरले का, अशी चिंता करते. दोघांचेही चुकलेले नसते. त्यापेक्षा गाढवाची जीभ कशी बाहेर आली होती, वाळू किती तापली होती, कावड किती लांबून आणली होती, हे शिक्षकाने सांगावे आणि थांबावे. तहान मुलास कळते. ती अब्दुलला कळते, सिद्धार्थला कळते, आणि ज्याच्या घरी नाथांची पोथी आहे त्यालाही कळते. याच रीतीने वाळवंटात चुकलेल्या, पाय पोळून रडणाऱ्या मुलास नाथांनी कडेवर घेतले, ही कथाही सांगता येते. तिच्यातील जातीचा अर्थ मोठ्या वर्गात उलगडावा. पहिलीत पोळलेले पाय पुरेत. ज्या नाथांनी हिंदू आणि तुर्क यांच्या संवादाचे भारूड रचले, त्यांची कथा सांगताना कोणा मुलास परकेपणा वाटू देणे हे तर त्यांच्याच गावी विपरीत ठरेल.

परकेपणा कथेतून क्वचितच येतो. तो बहुधा सर्वनामांतून येतो. मराठी भाषेत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन निराळे शब्द आहेत. ऐकणाऱ्यास आत घेणारा पहिला, बाहेर ठेवणारा दुसरा. शिक्षिका सहजच म्हणते, “आपण दसऱ्याला सोने वाटतो, आपण दिवाळीला फराळ करतो आणि ईदला ते लोक शिरखुर्मा करतात.” तिच्या मनात दुजाभाव नसतो, परंतु वर्गातील दोन मुले त्या ‘ते लोक’मध्ये बसलेली असतात. त्यांना व्याकरण येत नसले तरी आपण कोणत्या बाजूस आहोत हे तत्क्षणी कळते. उपाय अगदी साधा आहे. धर्माचे नाव घेऊ नये, घराचे घ्यावे. “आयेशाच्या घरी ईदला काय करतात, ते तिलाच विचारू या. समीरच्या घरी वैशाख पौर्णिमेस काय करतात? गणेशच्या घरी?” मूल आपल्या घरचे सांगू लागले की ते तज्ज्ञ असते, आणि बाकीचे वर्ग उत्सुकतेने ऐकतो. मात्र शिक्षकाने मुलास त्याच्या समाजाचा वकील करू नये. “तुमच्यात असे का करतात?” हा प्रश्न सहा वर्षांच्या मुलास कधीही विचारू नये.

आता दिंडीकडे वळावे. टाळ, पताका, फेर, डोक्यावर तुळशीचे रोप, यांत मुलांना जो आनंद होतो तो खरा आहे आणि तो हिरावून घेण्याचे कारण नाही. गावाच्या जीवनाची ओळख म्हणून दिंडी काढली तर तिला कोणी नावे ठेवणार नाही. मूर्तीची पूजा, आरती, मुलांकडून दंडवत घालवून घेणे येथून पुढे मात्र शाळेची हद्द संपते. त्यात भाग घेणे न घेणे ही मुलाची व पालकाची इच्छा, एवढे म्हणून भागत नाही. ज्याला घ्यावयाचा नाही तो त्या वेळी काय करतो, हे ठरलेले असले पाहिजे. भिंतीशी एकटे उभे केलेले मूल त्या दिवशी जो धर्म शिकते, तो कोणत्याही पोथीत नाही. टाळ वाजविणारे, पाणी देणारे, रांग सांभाळणारे, रस्त्यावरील झाडे मोजणारे असे अनेक हात दिंडीस लागतात. काम वाटून दिले की बाहेर कोणी उरत नाही.

पाटीपूजनाचेही असेच आहे. एकाच्या आकड्यांनी काढलेली सरस्वती कित्येक पिढ्यांनी दसऱ्याला पाटीवर काढली आहे, आणि आकडा गिरविण्याचा तो एक गोड सराव होता यात शंका नाही. ज्यांच्या घरी ती चाल आहे ते घरी काढतीलच. शाळेत त्या दिवशी पाट्या धुवाव्यात, फाटकी पुस्तके चिकटवावीत, वर्ग झाडावा. ज्या साधनांनी विद्या मिळते त्यांची निगा राखणे यास कोणाची हरकत असू शकत नाही.

याहून गंभीर एक गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी क्वचितच कोणी लिहितो. आपल्या वर्गांतून खरे धर्मशिक्षण दररोज चालू असते ते प्रार्थनेत नव्हे, तर धाकात. “खोटे बोललास तर देव शिक्षा करील.” “पुस्तकाला पाय लावलास, पाप लागेल.” “देवबाप्पा वरून बघतो आहे.” छडी गेली आणि तिच्या जागी देव आला. शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही बंदी केली आहे. रात्री झोपेत दचकून उठणाऱ्या मुलाच्या दृष्टीने या धाकाचे दुसरे नाव शोधावे लागत नाही. ज्यांना देवाविषयी आदर आहे त्यांनी तर त्याला हवालदाराचे काम सांगू नये. पुस्तकास पाय लागला तर “पुसून ठेव, पान मळेल” एवढे पुरते.

मुलांचे प्रश्न हा शेवटचा आणि खरोखर कठीण भाग. “देव कोठे राहतो?” “आजी मेली, ती कोठे गेली?” यांस शिक्षकाने आपले उत्तर देऊ नये आणि प्रश्न उडवूनही लावू नये. “तुझ्या घरी काय सांगतात?” असे विचारावे, उत्तर आले की मान डोलवावी. आजीविषयी विचारणारे मूल पुष्कळदा उत्तर मागतच नसते. आजी काय करीत असे, हे सांगण्यास त्याला कोणी तरी हवे असते. “माझा देव मोठा” म्हणून दोघे भांडू लागले तर निवाडा करू नये; दोघांनाही आपापल्या घरच्या देवाची एकेक गोष्ट सांगावयास लावावी. गोष्ट सांगताना भांडण बहुधा विसरले जाते. न विसरले, तर खेळाचा तास घ्यावा.

साने गुरुजींची प्रार्थना अनेक शाळांत परिपाठात म्हटली जाते. ती लिहिणाऱ्या माणसाने १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांस खुले व्हावे म्हणून उपोषण केले होते, हे मुलांना आता कळणार नाही. प्रार्थना म्हणवून घेणाऱ्यास मात्र ठाऊक असावे. मुले ती अर्थ न कळता म्हणतात. वर्गात बाई कोणाच्या शेजारी कोणास बसवितात हे त्यांना पूर्ण कळते.

या सर्वांसाठी वेगळी तासिका किंवा वेगळे साहित्य लागत नाही. जून महिन्यात पालक मुलास घेऊन येतात, तेव्हा त्यांच्याशी दोन मिनिटे अधिक बोलून घरी कोणते सण होतात, मूल काय खात नाही, कोणत्या दिवशी उपवास किंवा रोजा असतो, कोणत्या कार्यक्रमात त्याने भाग घेऊ नये असे वाटते, हे टाचणवहीच्या अखेरच्या पानावर टिपून ठेवावे. लहान मुलाने पहिला रोजा धरला असेल तर त्या दिवशी त्याला उन्हात पळवू नये, एवढे तरी त्यामुळे साधते. हे पान दरवर्षी नव्याने भरावे लागेल. मुले बदलतात हे एक. आणि हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने ईद दरवर्षी दहाअकरा दिवसांनी अलीकडे सरकते, हे दुसरे. मागील वर्षीची तारीख पाहून शाळेचे वेळापत्रक आखले, तर घटक चाचणी नेमकी त्याच दिवशी येण्याचा संभव असतो.